बडोद्यात जुना पायाचा ऑर्गन दुरुस्त करून हलवायचा असेल तर

आमच्या नाट्यमंडळाचा, पायाने भाता मारून वाजवायचा ऑर्गन दांडिया बाजारातल्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं पडून होता. वाडा विकला जाणार म्हटल्यावर तो हलवणं भागच होतं. आधी एकाने सल्ला दिला की आतलं सगळं काढून टाका, वर इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड बसवा, पेटी तशीच दिसेल. अहो पण मग उरलं काय, नुसतं कपाट! ज्या बडोदे दरबाराने गंधर्व नाटक मंडळीला आश्रय दिला, बालगंधर्वांच्या गाण्याला हरिभाऊ देशपांड्यांची ऑर्गनची साथ होती, त्या गावात तरी हे होऊ नये असं मनापासून वाटतं.

शेवटी रावपुऱ्यात पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका काकांना दाखवला. त्यांनी आधी भाता बघितला, कारण या ऑर्गनचा भाता हवा आत ओढतो, आपल्या हार्मोनियमसारखी बाहेर ढकलत नाही, त्यामुळे कुठे बारीक भोक पडलं तरी सूर लगेच दमतो. कापड उंदरांनी खाल्लं होतं ते सगळं नवं केलं, पण पितळी रीड (हवेने थरथरून सूर देणारी जिभली) एकही बदलली नाही, ब्रशने साफ करून परत सुरात आणल्या (टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि एकदा जास्त घासलं गेलं तर गेली रीड, म्हणून हे काम घाईत होतच नाही). दोन-तीन रीड अजून थोड्या उशिरा बोलतात, पण त्या मूळच्या आहेत हे मला जास्त मोलाचं वाटतं.

हलवण्याचं काम तर फारच छान केलं. रीड काढून नंबर घातलेल्या खोक्यात, पट्ट्यांवर पेन्सिलने आकडे, भाता वेगळा, सगळं गोधड्यांत गुंडाळून अरुंद जिन्यावरून खाली. नव्या खोलीत नेल्यावरही लगेच ट्यूनिंग नाही, आधी लाकडाला तिथली हवा लागू द्या म्हणाले.

इंग्लंडात ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये 1929 साली बसवलेला वुर्लिट्झर कंपनीचा पाइप ऑर्गन पुढे तिथल्याच एम्प्रेस बॉलरूममध्ये गेला आणि तिथून मँचेस्टरला बीबीसीकडे. मूकपटांच्या साथीसाठी निघालेली ही जात, ढोल-घंट्यांसकट प्रचंड धूड, नळ्यांची रांगच्या रांग, तरी लोकांनी सुटं करून नेलं आणि वाजतं ठेवलं. मग आपला एवढासा पायाचा ऑर्गन का नाही नेता येणार?

तक्रारी आहेत. दिलेली तारीख पाळत नाहीत, फोन उचलत नाहीत, पॉलिश जुन्या रंगाशी जुळलं नाही आणि टेम्पोचं भाडं वेगळं लावलं जे आधी सांगायला हवं होतं. तरी मी चार स्टार देईन, नाटकात पद उचलायच्या आधी जो भरलेला सूर लागतो ना तो परत मिळालाय.

जायचं असेल तर सकाळी जा, दुपारी शटर बंद असतं, आणि ऑर्गनची मागची फळी काढून आतले फोटो घेऊन जा, ते बघितल्याशिवाय काका खर्चाचा आकडा सांगत नाहीत.