ग्नूलिब वापरून बघितलं, सी मधे बारकी फंक्शनं एकाच जागी ठेवायची असतील तर घ्याच

लातूरला आमचं काम अडत दुकानांच्या सॉफ्टवेअरचं, सगळं सी मधे. काट्यावरून वजन घेणारा प्रोग्राम वेगळा, शेतकऱ्याची पट्टी छापणारा वेगळा, संध्याकाळी हिशोब जुळवणारा वेगळा, पण आतली बारकी फंक्शनं तीच, ओळ वाचा, कडेच्या स्पेस काढा, मेमरी मागा. जुन्या कोडात ही प्रत्येक फोल्डरला कॉपी मारून ठेवलेली, एकीकडं दुरुस्ती झाली की दुसरीकडं जुनंच चालू. त्यावर उपाय म्हणून ग्नूलिब, म्हणजे ग्नू प्रोजेक्टचा बारक्या सी फंक्शनांचा सोर्स-साठा, घेतलं आणि लई समाधान आहे.

हे इन्स्टॉल करायची लायब्ररी नाही, हे आधी लक्षात घ्या. गिट वरून घ्यायचं, त्याच्यासोबतच्या ग्नूलिब-टूल ला इम्पोर्ट म्हणून पायजे त्या मॉड्यूलची (एका कामाच्या फंक्शनांचा गठ्ठा) नावं द्यायची, ते सोर्स फाइली तुमच्याच लिब फोल्डरात आणून टाकतं, त्या मॉड्यूलला दुसरं काही लागत असेल तर तेबी सोबत येतं. शेजारून विरजण आणून दही आपल्याच घरी लावावं तसं आहे बघा. मग त्याची एक स्टॅटिक लायब्ररी (कंपाइल झालेल्या ऑब्जेक्ट फाइलींचा एक गठ्ठा) बनते, सगळे प्रोग्राम तिलाच लिंक होतात आणि लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं टूल, ज्याला जे लागतं तेवढ्याच ऑब्जेक्ट फाइली उचलतो, त्यामुळं प्रोग्राम उगं फुगत नाही. कोअरयुटिल्स, म्हणजे लिनक्सवरच्या एलएस, सीपी, कॅट या रोजच्या कमांड, याच्यावरच उभी आहेत.

मला सगळ्यात आवडलं ते सी-सीटाइप, म्हणजे अक्षर स्पेस आहे का, आकडा आहे का हे तपासणारं मॉड्यूल. शेतकऱ्याचं नाव देवनागरीत असतं, यूटीएफ-८ मधे प्रत्येक अक्षराला आणि मात्रेला तीन-तीन बाइट आणि तिन्ही १२७ च्या वरचे. आपल्या साध्या पीसीवर सी मधला char टाइप साइन्ड (निगेटिव्ह आकडेबी धरणारा) असतो म्हणून हे बाइट निगेटिव्ह होतात, आणि सी च्या नेहमीच्या इझस्पेस फंक्शनला (स्पेस आहे का बघणारं) अनसाइन्डमधे न बदलता निगेटिव्ह नंबर दिला (फाइल संपल्याची खूण ईओएफ सोडून) तर काय होईल याची सी काहीच हमी देत नाही, एका मशीनवर चालेल, दुसरीकडं पडेल. सी-सीटाइपमधल्या सी-इझस्पेसला कसलाबी बाइट द्या, आस्की (० ते १२७) सोडून सगळ्याला सरळ नाही म्हणतं, लोकॅलचीबी (मशीनच्या भाषेच्या सेटिंगची) भानगड नाही. मराठी डेटा हाताळणाऱ्यानं एवढ्या एका मॉड्यूलसाठी तरी हे घ्यावं.

मेमरी मागणारं एक्सॅलॉक मॉड्यूल मात्र जपून. त्यातलं एक्समॅलॉक मेमरी नाही मिळाली की मेसेज देऊन प्रोग्रामच बंद करतं. पट्टी छापण्याला ठीक आहे, पण काट्याचा प्रोग्राम दिवसभर चालू पायजे, तिथं सी चं साधं मॅलॉक आणि हातानं चेक हेच बरं.

अडचण म्हणाल तर प्रोग्राम बिल्ड करायची ऑटोकॉन्फ-ऑटोमेक ही टूलं आलीच पायजेत, सीमेक हे दुसरं बिल्ड टूल वापरणाऱ्यांना हे जड जाईल. ग्नूलिब-टूल आधी शेल स्क्रिप्ट होतं, लई हळू, २०२४ ला पायथनमधे आलं तेव्हापासून पटकन होतं. आपली स्वतःची मॉड्यूलं लोकल-डिर ऑप्शनला आपलं फोल्डर देऊन त्यातच बसवता येतात, आमचं क्विंटल-किलोचं फंक्शन तसंच ठेवलंय.

लायसन्स प्रत्येक मॉड्यूलचं वेगळं आहे, सी-सीटाइप एलजीपीएल (सैल अटींचं), एक्सॅलॉक जीपीएल (वाटलेल्या प्रोग्रामचा सोर्सबी द्यायला लावणारं). आम्ही गिऱ्हाइकाला सोर्स देतो म्हणून चालतं, तुमचा कोड बंद ठेवायचा असेल तर इम्पोर्ट करतानाच एलजीपीएल चा ऑप्शन द्या, न बसणारं मॉड्यूल ते तिथंच अडवतं.