पॅनोरमासाठी ट्रायपॉडवर काय बसवायचं: साधं बॉल हेड, लेव्हलिंग बेस की नोडल रेल?

पॅनोरमा, म्हणजे कॅमेरा फिरवत काढलेल्या फ्रेम जोडून केलेला एक रुंद फोटो, काढायला नोडल हेड (कॅमेरा मागेपुढे सरकवता येणारं ट्रायपॉडचं हेड) घ्यायलाच हवं का, असं बरेच जण विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, तुमच्या फ्रेममधली सगळ्यात जवळची वस्तू किती अंतरावर असणार आहे? किल्ल्यावरून लांबच्या डोंगररांगा टिपणाऱ्याला एक सामान लागतं, कासच्या पठारावर फुलांपाशी ट्रायपॉड लावणाऱ्याला दुसरं, आणि मंदिराचा अख्खा मंडप छतासकट हवा असेल तर तिसरं.

कॅमेरा फिरतो तो तळाच्या स्क्रूभोवती, पण लेन्स त्या स्क्रूच्या बरीच पुढे असते. त्यामुळे कॅमेरा वळवला की लेन्स नुसती वळत नाही, बाजूलाही सरकते. लेन्सचा नोडल पॉइंट, म्हणजे समोरून बघितल्यावर आतलं छिद्र जिथे असल्यासारखं दिसतं ती जागा, स्क्रूच्या ८ सेंटीमीटर पुढे आहे असं धरा. फुल फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरलाय, लेन्स ५० मिमीची आहे आणि दोन फ्रेममध्ये तुम्ही १९ अंश फिरताय. तेवढ्यात लेन्स अडीच सेंटीमीटरहून थोडी जास्तच सरकते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत एक मीटरवरचा दगड मागच्या डोंगराच्या तुलनेत सव्वादोनशे पिक्सेल हलतो आणि फ्रेम जोडताना जुळत नाही. शंभर मीटरवरचं झाड जेमतेम दोन पिक्सेल हलतं, आणि किलोमीटरवरच्या सुळक्याचा फरक तर डोळ्याला कळतही नाही.

म्हणून नुसत्या लांबच्या देखाव्यासाठी नोडल रेल, म्हणजे नोडल पॉइंट फिरण्याच्या अक्षावर आणणारी पट्टी, घेऊ नका. ते पैसे आधी लेव्हलिंगवर, म्हणजे फिरणारा भाग सपाट करण्यावर, खर्च करा.

हातात कॅमेरा धरूनही उजेडात, लांबच्या दृश्याचा पॅनोरमा छान जमतो, आजची सॉफ्टवेअर बरंच सांभाळून घेतात. पहाटे, तिन्हीसांजेला किंवा रात्री आकाशगंगा टिपायची असेल तर मात्र ट्रायपॉडला पर्याय नाही.

घरात साधं बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर कॅमेरा कसाही कलवता येणारं हेड, असतंच. त्याच्या तळाशी फिरवायची चकती असते आणि बॉल तिच्या वर. आपण बॉल सैल करून कॅमेऱ्याच्या पाणसळीचा बबल मधोमध आणतो आणि मग खालची चकती फिरवतो. पण चकती ट्रायपॉडच्या माथ्यावर बसलेली असते आणि कातळावर तो माथा क्वचितच सपाट असतो. पहिली फ्रेम सरळ येते, तिसऱ्या-चौथ्या फ्रेमपासून क्षितिज उतरायला लागतं आणि जोडल्यावर वरखाली इतकं कापावं लागतं की उंची निम्मी उरते. कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक लेव्हल इथे उपयोगाचं नाही, कारण ते कॅमेऱ्याचा कल दाखवतं, फिरण्याच्या अक्षाचा नाही. नवं काही घ्यायचं नसेल तर पाय कमीजास्त करून ट्रायपॉडचा माथाच सपाट करा. जमतं, पण उतारावर त्यात वेळ जातो आणि तोवर ढगाआडून आलेलं ऊन निघून जातं.

यावर दोन उपाय आहेत आणि खरी निवड या दोघांतच करायची आहे.

एक म्हणजे पॅनिंग क्लॅम्प, बॉलच्या वर बसणारा आणि स्वतः फिरणारा क्लॅम्प. बॉलने तो सपाट करायचा आणि वरचा कॅमेरा फिरवायचा. हा हलका, आटोपशीर, असलेल्या हेडवरच बसणारा. दुसरा उपाय लेव्हलिंग बेस. तो हेडच्या खाली, ट्रायपॉडच्या माथ्यावर बसतो, काही अंश कलतो आणि पाय कसेही असले तरी वरचं सगळं सपाट करतो. वजन वाढतं आणि किंमतही सहसा जास्त असते.

ट्रेकर असाल तर क्लॅम्प घ्यावासा वाटेल, आणि सपाट मुलखात तो पुरतोही. पण क्लॅम्पवर कॅमेरा क्षितिजाला समांतरच ठेवावा लागतो. खाली झुकवायला बॉल कलवलात की फिरण्याचा अक्षही कलतो. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या माथ्यावर उभे राहा म्हणजे अडचण कळेल. बघण्यासारखं सगळं पायाखाली असतं: आत वळलेला कडा, दोन्ही बाजूंनी पुढे आलेले त्याचे बाहू, तळाची झाडी. क्षितिज मधोमध ठेवलं तर अर्धी फ्रेम रिकाम्या आकाशाची. लेव्हलिंग बेसवर मात्र अक्ष उभाच राहतो आणि बॉल सैल करून कॅमेरा हवा तेवढा खाली झुकवता येतो. म्हणून सह्याद्रीत फिरणाऱ्याला, वजन सोसूनही, मी लेव्हलिंग बेसच सुचवेन.

दोन्हींबरोबर एल ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची पट्टी, हवाच. पॅनोरमासाठी कॅमेरा उभा धरायचा असतो. त्यासाठी बॉल हेडच्या बाजूच्या खाचेत आडवा पाडला तर कॅमेरा एका बाजूला लोंबकळतो आणि अक्षापासून आणखी दूर जातो. एल ब्रॅकेटने तो उभा असूनही मधोमध राहतो. तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला घ्या. सगळ्यांना बसणारे हळूहळू फिरतात आणि बॅटरीचं दारही अडवतात.

आता नोडल रेल. फूल, दगड, रेलिंग, जवळची तटबंदी फ्रेममध्ये येणार असेल तर ही लागते. एक लांब पट्टी असते, तिच्यावर कॅमेरा मागे सरकवून लेन्सचा नोडल पॉइंट बरोबर अक्षावर आणायचा. तो शोधायचं काम घरीच उरका. गॅलरीतून एक जवळची उभी वस्तू धरा, समजा ग्रिलचा गज, आणि त्याच्या मागे लांबचा विजेचा खांब. दोन्ही एका रेषेत आणा. मग कॅमेरा फिरवून ती जोडी फ्रेमच्या डाव्या कडेला न्या, नंतर उजव्या कडेला. गज खांबापासून सुटा होताना दिसला तर कॅमेरा रेलवर थोडा मागे किंवा पुढे घ्या. दोन्ही कडांना जोडी जुळलेली राहिली की पट्टीवर मार्करने खूण करा. झूम लेन्सचा हा बिंदू फोकल लेंथनुसार बदलतो, म्हणून २४, ३५ आणि ५० मिमीच्या वेगळ्या खुणा करून ठेवा. एक गोष्ट ध्यानात असू द्या, रेल कॅमेऱ्यासोबत झुकवली की बिंदू अक्षावरून ढळतो. रेल आडवीच ठेवून एकाच रांगेत फिरायचं असेल तर ती चोख काम देते.

वर-खाली अनेक रांगा घ्यायच्या, छत आणि फरशी दोन्ही हवेत, तिथे दोन अक्षांवर फिरणारं पूर्ण पॅनोरमा हेड लागतं. ते जड असतं आणि त्याची मांडणीही वेळखाऊ. वास्तूंचं काम करणाऱ्यालाच ते परवडतं. पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतल्या लेण्यांत आणि मंदिरांत ट्रायपॉडसाठी आधी परवानगी काढावी लागते, हा हिशेब खरेदीआधीच करा.

लेन्सची निवडही यात येते. फ्रेम एकमेकींवर तीसेक टक्के चढवल्या तर १८० अंशांसाठी उभ्या कॅमेऱ्याने ५० मिमीवर दहा फ्रेम लागतात, ३५ वर सात, २४ वर पाच. पावसाळ्यात ढग धावत असतात, तेव्हा ३५ किंवा २४ बरी, दहा फ्रेम होईपर्यंत आकाश बदललेलं असतं. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस मॅन्युअलवर ठेवा. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, नाहीतर रुंद आकाशात गडद निळा पट्टा उमटतो. जोडायला लाइटरूम असेल तर उत्तमच, नसेल तर फुकट मिळणारं हगिन घ्या. शिकायला थोडं किचकट आहे, पण काम नेटकं करतं.

कड्यावर लावायचा ट्रायपॉड हलका असला तर सेंटर कॉलम (मधला दांडा) अजिबात वर काढू नका. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. वजनासाठी सॅक हुकला लावलीत तर ती जमिनीला टेकलेली ठेवा, लोंबती सॅक वाऱ्याने झुलते आणि ट्रायपॉडलाच हलवते. सगळं घट्ट झाल्यावर, शटर दाबण्याआधी, कॅमेरा एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिरवून बघा. क्षितिज दोन्ही टोकांना एकाच उंचीवर दिसलं की पहिली फ्रेम घ्या.