गटातून उचल घेऊ की फायनान्सवाल्याकडून?

मागच्या महिन्यात देवळाच्या ओट्यावर आमच्या बचत गटाची मीटिंग चालू होती, तेवढ्यात एका फायनान्सचा (बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपनीचा) पोरगा बाईक लावून आला आणि सरळ गटाचं रजिस्टरच बघायला मागितलं. हुशार हो! कोण वेळेवर भरतं ते त्यात आयतंच लिहिलेलं, गिऱ्हाईक शोधत गावभर फिरायलाच नको. आता निम्म्या बायका विचारतायत घेऊ का, म्हणून लिहितेय.

आमच्या गटात व्याज शेकडा २ रुपये महिना, तो सांगतो वर्षाला २४ टक्के, म्हणजे भाव सारखाच. ४० हजार २ वर्षांसाठी घेतले तर दोन्हीकडे व्याज १० हजाराच्या आसपासच जातं. पण गटातलं व्याज आपल्याच पेटीत पडतं आणि वाटपाला परत येतं, तिकडचं गेलं ते गेलं, वर प्रोसेसिंग फी आणि विमा कापून हातात पूर्ण ४० येतच नाहीत. तेही कर्ज घेणाऱ्या बायकांच्या टोळक्याला 'गट'च म्हणतात, पण त्यात बचत कुठंय?

बँकेचं कर्ज सगळ्यात स्वस्त, उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटांना ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं. पण ठराव, सह्या, मॅनेजरकडे चकरा. फायनान्स आठवड्यात देतं, हे मान्य करायलाच पाहिजे, पोराची फी उद्या भरायची असली तर त्या ७ टक्क्यांचं काय करायचं.

हप्ता चुकला की खरा फरक कळतो. आमच्यात १० रुपये दंड, थोडी बोलणी, झालं. तिकडे पाच जणी एकमेकींना जामीन. माझ्या जावेच्या सेंटरला (फायनान्सचे हप्ते गोळा करतात तिथं) एकीचा २१०० चा हप्ता राहिला तर वसुलीचा साहेब संध्याकाळी ७ पर्यंत हललाच नाही (रिझर्व्ह बँकेच्या नियमात ६ नंतर तगादा चालत नाही), शेवटी चौघींनी सव्वापाचशे सव्वापाचशे काढून दिले. ती बाई नंतर बचत गटातही यायची बंद झाली.

तरी घ्यायचंच असेल तर एकच घ्या, घरातले सगळे हप्ते मिळून कमाईच्या निम्म्याच्या आत ठेवा, मराठीतला व्याजाचा कागद मागा, पैसे आले की आधीच फेडून टाका, त्याला दंड लावता येत नाही.

आणि रजिस्टर देऊ नका. आमच्या सचिवबाईंनी ते पिशवीत घातलं आणि पोरगा जाईपर्यंत त्याच्यावरच बसून राहिल्या.