पेंटॅक्स पॅपिलिओ २ (६.५×२१): पहाट मिळत नाही त्यांची दुर्बीण

बेळगावकडे पक्षी बघायचे म्हणजे अंधारात घर सोडायचं. हिडकलचं बॅकवॉटर असो, घटप्रभेचं पक्षी अभयारण्य असो की जांबोटी-कणकुंबीचं रान, उजाडताना तिथं पोचलात तरच मजा, आणि परत यायला दुपार ठरलेली. नोकरी, मुलांची शाळा, घरातली दुखणीखुपणी यात पहिला बळी या अर्ध्या दिवसाचा जातो. मग ८×४२ ची (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) चांगली दुर्बीण कपाटात पडून राहते आणि दोन पावसाळ्यांत तिच्या काचेला बुरशी लागते.

अशा वेळी छंद थोडा पसरवला तर तो टिकतो. पक्ष्यांना पहाट लागते, पण फुलपाखरं ऊन अंगावर घेतल्याशिवाय हलत नाहीत. नऊ-साडेनऊनंतर, कधी कधी थेट ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, त्यांचा दिवस ऐन भरात असतो. पतंग तर रात्रीची जेवणं आटोपल्यावरच दिव्याला येतात. म्हणजे नोकरदाराच्या हाताशी जी पंधरा-वीस मिनिटं उरतात, त्यांत बघण्यासारखं भरपूर आहे. अडचण एवढीच, की नेहमीच्या दुर्बिणीतून ते दिसत नाही. पॅपिलिओ २ नेमकी तिथं उपयोगी पडते.

या दुर्बिणीची सगळी मातब्बरी एका आकड्यात आहे: ५० सेंटिमीटर. इतक्या जवळच्या वस्तूवर ती फोकस होते. साधी ८×४२ बहुधा दोन ते तीन मीटरच्या आत येत नाही, आणि आली तरी डोळ्यांना दोन वेगवेगळी वर्तुळं दिसू लागतात. कारण उघड आहे. दोन नळ्या समांतर आणि वस्तू नाकासमोर, त्यामुळे दोन्ही नळ्या वस्तूच्या दोन बाजूंना बघतात. आपले डोळे जवळचं बघताना आत वळतात, दुर्बिणीच्या नळ्या वळत नाहीत. पॅपिलिओत फोकसचं चाक जवळच्या बाजूला फिरवलं की पुढची दोन भिंगं एकमेकांकडे सरकतात, आणि अर्ध्या मीटरवरही एकच सलग चित्र राहतं. ५० सेंटिमीटरवरची अळी ६.५ पटीने म्हणजे साधारण पावणेआठ सेंटिमीटरवर धरल्यासारखी दिसते. एवढ्या जवळ उघड्या डोळ्याला ती स्पष्ट दिसणारच नाही. शिवाय दोन्ही डोळ्यांनी बघत असल्यामुळे खोली कळते, जी हातातल्या भिंगातून कळत नाही. अळीच्या पाठीवरचा काटा कुठल्या बाजूला झुकलाय हेसुद्धा समजतं.

हिचीच ८.५×२१ अशी बहीण आहे. ती घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत. भिंग तेवढंच, पण पट वाढली की दृश्याचा घेर ७.५ अंशांवरून ६ अंशांवर येतो, हाताचा कंप जास्त जाणवतो आणि उजेड आणखी कमी होतो. फुलपाखरू एका जागी थांबत नाही, त्याला घेर लागतो.

आता पक्षी. २९० ग्रॅमच्या या दुर्बिणीकडून ८×४२ चं काम होईल अशी आशा धरली तर निराशाच पदरात पडेल. ४२ ला ८ ने भागा, ५.२५ येतात. २१ ला ६.५ ने भागा, ३.२ येतात. डोळ्याशी पोचणारी प्रकाशाची चकती इतक्या मिलिमीटरची. भर उन्हात बाहुली आकसलेली असल्यामुळे फरक पडत नाही. पण सांजवेळी ती ताणली जाते, आणि मग ८×४२ पॅपिलिओच्या अडीचपटीहून जास्त उजेड देते. संध्याकाळी साडेसहाला बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातल्या मोठ्या झाडांखाली घुबड शोधायचं असेल तर पॅपिलिओ घरीच ठेवा. हिडकलच्या पाण्यावर लांब बसलेली बदकं ओळखणंही तिच्या आवाक्यातलं नाही. मात्र परसातला शिंजीर, कुंपणावरचा शिंपी, किल्ला तलावाच्या काठाशी बसलेला खंड्या, इतपत पक्षी दिवसाउजेडी ती झकास दाखवते.

हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे ती आपल्या डोळ्यांना बसवणं. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होऊ द्या. मग वीस-तीस मीटरवरची दुकानाची पाटी निवडा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने पाटी स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या नेत्रिकेजवळची (डोळ्याला लावायच्या भिंगाजवळची) कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ही कडी पिशवीत घासून हळूच फिरते, आणि मग लोक तक्रार करतात की दुर्बिणीमुळे डोकं दुखतं. जुळलेल्या जागेवर नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका देऊन ठेवा. हे सगळं लांबच्या पाटीवरच करायचं, अर्ध्या मीटरवर करू नका. तिथं मान सूतभर हलली तरी फोकस जातो आणि कडी भलतीकडेच बसते.

लांबवरून अगदी जवळ यायला चाक बरंच फिरवावं लागतं. तेवढ्यात फुलपाखरू पार गेलेलं असतं. यावर सोपा उपाय आहे: चालायला लागण्यापूर्वी उभ्या उभ्या स्वतःच्या बुटाची लेस बघा आणि तिच्यावर फोकस लावा. डोळ्यापासून बूट साधारण दीड मीटरवर असतो, आणि फुलपाखरू बिचकू न देता आपण जेवढं जवळ जाऊ शकतो तेही अंतर जवळजवळ तेवढंच. मग दुर्बीण उचलल्यावर चाकाला बोटभर फिरवणं पुरतं. त्याहून जवळ गेलात की चाक सोडा आणि कमरेतून पुढे-मागे झुकून फोकस साधा. जवळच्या अंतरात स्पष्ट दिसणारा थर फार पातळ असतो, चाकाने तो सारखा निसटतो. आपली सावली फुलपाखरावर पडू द्यायची नाही. सूर्य पाठीशी घेण्यापेक्षा बाजूला ठेवलेला बरा. उंच झाडावरच्या फुलपाखरामागे दुर्बीण फिरवताना सूर्य दृश्यात येऊ देऊ नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि दुर्बीण डोळ्याला असताना पाऊल टाकायचं नाही. भाताच्या बांधावर घोणस असते, हे शिवारातल्या माणसाला सांगायला नको.

बघायचं काय आणि कुठं? अर्ध्या मीटरची खरी चैन न उडणाऱ्या गोष्टींत आहे, आणि त्या दारातच असतात. कढीपत्त्यावर आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन व लाइम बटरफ्लायच्या अळ्या सापडतात. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. डिवचलं तर मानेमागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढतात. कॉलन्यांच्या कुंपणाला ओळीने लावलेला उंच अशोक बघा की जरा थांबून. त्याच्या कोवळ्या पानांवर टेल्ड जे अंडी घालतं, आणि तेच फुलपाखरू सीताफळावरही येतं. कण्हेरीच्या पानाखाली कॉमन क्रो फुलपाखराचा कोश टांगलेला असतो, आरशासारखा चकचकीत. रस्त्याकडेच्या रुईवर तर अख्खा बाजार भरलेला असतो: प्लेन टायगरची काळी-पिवळी पट्टेदार अळी, पिवळा मावा, तो खायला आलेले ढालकिडे. आंब्यावरच्या लाल मुंग्या पानं ओढून कशी शिवतात, आपल्याच अळ्यांच्या रेशमाने कशी जोडतात, हे चावून न घेता बघायचं दुसरं साधन आमच्या माहितीत नाही.

दीड-दोन मीटरवरचं जगही कमी नाही. डिसेंबरनंतर खानापूरकडे मलप्रभेचं पाणी उतरलं की ओल्या वाळूवर फुलपाखरं क्षार शोषायला जमतात, बहुतेक सगळे नर. ती इतकी गुंग असतात की हळू बसत गेलात तर उठत नाहीत. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरवलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, आणि कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग ही दोन्ही फुलपाखरं इथं एकाच रानात उडतात, त्यांना सीमाप्रश्न माहीत नाही. बर्डविंग मात्र उंचावरून जातं. ते नीट बघायचं तर ८×४२ च घ्यावी. भात पोटरीला येताना शिवारावर घिरट्या घालणारे वाँडरिंग ग्लायडर चतुर बसतच नाहीत, त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. किल्ला तलावाच्या गवतातल्या टाचण्या (चतुरांचे बारीक भाऊबंद) बसतात, एकाच काडीवर परत परत येतात, आणि नवशिक्याला फोकसच्या सरावासाठी त्यांच्याइतकं चांगलं काही नाही.

संध्याकाळच्या अंधुक उजेडात कमी पडणारी ही दुर्बीण रात्री पुन्हा कामाला येते, कारण तिथं उजेड आपण देतो. जून ते सप्टेंबरात मागच्या भिंतीवर पांढरी चादर लावा आणि दिवा तिच्यासमोर टांगा. जुनी ट्यूबलाइट असेल तर तीच वापरा. घरगुती एलईडीत अतिनील किरण जवळजवळ नसतात, म्हणून त्यावर पतंग फार कमी येतात. पाऊस नुकता थांबलेली, वारा नसलेली, चांदणं नसलेली रात्र सर्वांत उत्तम. पतंग बसला की बसला, साठ-सत्तर सेंटिमीटरवरून त्याच्या पंखांवरची बारीक नक्षी बघा. तासाभराने दिवा बंद करायचा, म्हणजे सकाळी बुलबुल आणि कोतवाल भिंतीवर ताव मारणार नाहीत.

दुर्बिणीच्या तळाला ट्रायपॉडचा नेहमीचा पेच आहे. कोश फुटायच्या बेतात असेल, म्हणजे आतले पंखांचे रंग दिसू लागले असतील, तर स्वस्तातल्या छोट्या ट्रायपॉडवर ती लावून ठेवा आणि घरातली कामं करता करता डोकावत राहा. हातात धरून हे जमत नाही, पाच मिनिटांत दंड भरून येतात. नेत्रिकेला मोबाइल टेकवून फोटो निघतो, पण कडेला काळं वर्तुळ येतं, ते कापून टाकावं लागतं. ओळख पटवून घ्यायला आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तेवढा फोटो चालतो.

आता मोठा दोष. ही दुर्बीण जलरोधक नाही, आणि आपल्याकडचा पावसाळा सगळ्यांना ठाऊक आहे. कणकुंबी-चोर्ल्याच्या धुक्यात ती गळ्यात उघडी ठेवली की दमट हवा आत शिरते, आणि एकदा आतून बुरशी धरली की साफ करणं दुर्बिणीच्या किमतीच्या जवळ जातं. भुरभुर सुरू झाली की झिपवाल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका. घरी आल्यावर लगेच डब्यात बंद करू नका. आधी पंख्याखाली तासभर ठेवा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या पुडीसोबत. नारिंगी दाणे हिरवे पडले की ते भरले असं समजा. मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा नारिंगी होईपर्यंत वाळवा. सोबतची कापडी पिशवी पावसाळ्यात अजिबात वापरू नये, ती ओल धरून ठेवते.

दोन्ही भिंगांपुढे एकच सपाट काच आहे. तिच्यामुळे आतलं सरकणारं यंत्र धुळीपासून वाचतं, पण बोटांचे ठसे तिच्यावरच उमटतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग कापड. शर्टाच्या टोकाने पुसलं तर वाळूचा कण काच ओरखडतो. चष्मेवाल्यांनी नेत्रिकांच्या वाट्या खाली बसवाव्यात. डोळा नेत्रिकेपासून १५ मिलिमीटरवर बसतो, त्यामुळे जाड चष्म्यातून कडा थोड्या कापल्या जातात. नळ्या ५६ मिलिमीटरपेक्षा जवळ येत नाहीत, म्हणून लहान मुलांना एक वर्तुळ दिसत नाही. ती एका डोळ्याने बघतात आणि दोन मिनिटांत कंटाळतात. त्यांच्यासाठी घेत असाल तर आधी मुलाला दुकानात न्या.

साधारण त्याच पैशांत साधी ८×४२ येते, हे लक्षात असू द्या. घरात दुसरी दुर्बीण नसेल आणि मन पक्ष्यांतच असेल तर पॅपिलिओ पहिली म्हणून घेऊ नका. ८×४२ आधीच असेल, तर तिच्याहून मोठी-महागडी घेण्यापेक्षा पैसे इथं घाला. ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत किती ते बघून मागवा, आणि आल्या दिवशीच तीन गोष्टी तपासा: एक मीटरवरचं वर्तमानपत्र दोन्ही डोळ्यांनी एकच दिसतं का, लांबची विजेची तार दुहेरी दिसते का, आणि मोठ्या भिंगाच्या बाजूने उजेडाकडे धरल्यावर आत डाग आहेत का. तार दुहेरी दिसली तर कडी फिरवत बसू नका, त्याने काही सुधारत नाही. नळ्यांची जुळणीच हललेली असते, सरळ परत पाठवा.