वर्गणीतला ऑपेरा: एका पायपेटीवाल्याचं मत

पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला, माझ्या टीव्हीशी तासभर खटपट करत बसला आणि म्हणाला, ‘काका, वर्षाची वर्गणी भरलीय. आता जगातले ऑपेरे बघा.’ ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. मी तीस वर्षं कोल्हापुरातल्या हौशी संगीत नाटकांना ऑर्गन वाजवला, म्हणजे आमच्या भाषेत पायपेटी. 8 ऑगस्ट 2024 ला रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची, म्हणजे ज्या गायक नटाचं नाव त्याला दिलंय त्यांची, जयंती. तेव्हापासून संध्याकाळी तिकडं, खासबागेकडं, माझी पावलं वळत नाहीत. पोराच्या ते ध्यानात आलं असणार.

अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून चालू आहे. पैसे दोनदा कापले. चार मेल पाठवले, चारही वेळा त्यांनी आभारच मानले. पैसे काही आले नाहीत.

चित्र मात्र लखलखीत. गायिकेच्या गळ्याची शीर दिसते. आवाजासाठी स्पीकर जोडावा लागतो, नाहीतर टीव्हीच्या आवाजात सगळा वाद्यमेळ डब्यात खडे टाकून हलवल्यासारखा वाटतो. खालच्या ओळी इंग्रजीत. चष्मा सावरून वाचेपर्यंत ओळ जाते, पण ऑपेरात माणूस मरायला भरपूर वेळ घेतो, त्यामुळं गोष्ट सापडते. ‘ला त्राव्हिआता’मधली क्षयानं खंगलेली नायिका शेवटी गाते, तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘एवढा दम असेल तर उठून चहा करून प्यावा की.’ 1853 साली व्हेनिसच्या फेनिचे नाट्यगृहात पहिल्या प्रयोगाला लोक नेमके यालाच हसले होते. गायिका अंगानं भरलेली आणि म्हणे क्षय! आपले बालगंधर्व पन्नाशी उलटल्यावरही नायिका रंगवायचे आणि लोक डोळे पुसायचे. प्रेक्षक-प्रेक्षकात फरक असतो.

या अ‍ॅपवर मी सगळ्यात जास्त वेळा काय लावलं असेल, तर दोनिझेत्ती या संगीतकाराचा ‘ला फिय द्यु रेजिमां’ हा ऑपेरा. त्यात नायकाचं एक गाणं आहे, नऊ वेळा वरचा षड्ज लावायचा. मी पेटी शेजारी घेऊन बसलो. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एक या पट्टीवर बोट ठेवलं, तिथून एक सप्तक वर गेलो, तिथं हा बाबा छातीतून जाऊन उभा! आपल्याकडं केशवरावांचा आवाज किती उंच जायचा हे म्हातारी माणसं सांगायची, तेव्हा मी मान डोलवायचो आणि मनात शंका घ्यायचो. आता घेत नाही. सहाव्या षड्जाला चित्र अडकलं, गोल गोल चक्र फिरू लागलं. ब्रॉडबँडवाल्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आता माझी खरी तक्रार. हे गाणं 21 एप्रिल 2008 ला हुआन दिएगो फ्लोरेस या गायकानं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा नाट्यगृहात गायलं आणि लोकांनी ते पुन्हा गाऊन घेतलं. तिथं तेव्हा वन्समोअर चालत नव्हता, 1994 नंतर ते पहिल्यांदाच घडलं. मी पाहिला तो दुसऱ्या कुणाचा प्रयोग. टाळ्या झाल्या, गाणं पुढं गेलं. अख्खं अ‍ॅप पालथं घातलं, एक वन्समोअर सापडला नाही. शिट्टी नाही, हुर्यो नाही. सगळं इस्त्री करून घडी घातलेलं. आम्ही नाटक अर्धं विंगेतून बघितलेली माणसं, आमचं यात कसं भागणार?

म्हणून विंगेतलं मी बाहेरून वाचून काढलं. डिसेंबर 2006, मिलानचं ला स्काला नाट्यगृह, ऑपेरा ‘आईदा’. नायक रोबेर्तो अलान्या पहिलं गाणं संपवतो, वरच्या सज्जातली मंडळी हुर्यो करतात, हा तडक रंगमंचावरून चालता होतो. वाद्यमेळ चालूच! बदली गायक आन्तोनेल्लो पालोम्बी जीन्स घालून येतो आणि प्राचीन इजिप्तचा सेनापती म्हणून गायला लागतो. 1816, रोम, रोसिनी या संगीतकाराच्या ‘बार्बर’ या ऑपेराचा पहिला प्रयोग. रंगमंचावर मांजर शिरलं आणि प्रेक्षकांनी म्यांव म्यांव करून नाटक पाडलं, असं सांगतात. 1727, लंडन. कुझ्झोनी आणि बोर्दोनी या दोन गायिकांचे चाहते नाट्यगृहात राजघराण्यातल्या बाईंदेखत एकमेकांना भिडले. आणि आपल्याकडं? 8 जुलै 1921 ला मुंबईत संयुक्त ‘मानापमान’ झालं, म्हणजे दोघांच्या नाटक मंडळ्यांनी मिळून केलेलं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. कोण कुणाला खातो हे बघायला लोक जमले होते आणि पैसे गेले टिळक स्वराज्य फंडाला. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. हे वाक्य लिहिताना अजूनही हात थांबतो.

वन्समोअरचं म्हणाल तर माझं मत जरा उलटं आहे. ‘तोस्का’ या ऑपेरात नायकाला पहाटे गोळ्या घालणार असतात, तो नायिकेच्या आठवणीत एक गाणं गातो, मग ती, म्हणजे तोस्का, धावत येते. 2016 साली व्हिएन्नात योनास काउफमान या गायकानं ते पुन्हा गायलं. गाणं संपलं तरी तोस्का येईना. तोस्का होती आंजेला गेऑर्गिऊ. काउफमानला शेवटी ‘आमच्याकडं गायिकाच नाही’ असं गाऊन वेळ मारून न्यावी लागली. 2024 ला सोलमध्ये दुसऱ्या गायकानं तेच केलं, तेव्हा याच गेऑर्गिऊबाई सरळ रंगमंचावर आल्या आणि सगळ्यांसमोर वाद घातला. लोकांनी बाईंना नावं ठेवली. मी नाही ठेवत. इचलकरंजीत आमच्या एका प्रयोगात नायकानं एका पदाला तीन वन्समोअर घेतले. माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, कारण भाता पायानं मारायचा असतो. नायिका विंगेत आरतीचं ताट घेऊन उभी. ती आत आली तोवर कापूर जळून गेला होता. तिनं लोकांसमोर पहिलं वाक्य टाकलं ते असं: ‘स्वामी, काडी आहे का?’ त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तिला मिळाला आणि नायक पुढं आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

अ‍ॅपवर असलं काही मिळत नाही. फेनिचेची गोष्टसुद्धा मी दुसरीकडंच वाचली. 1996 ला ते जळून खाक झालं, उघडलं 2003 च्या डिसेंबरात. विजेच्या कामाला उशीर झाला, दंड चुकवायला दोन वायरमननी आग लावली असं कोर्टात ठरलं. बांधलं मात्र होतं तसं आणि होतं तिथंच. जवळजवळ आठ वर्षं! आमच्या नाट्यगृहासाठी मी आपला बोटं मोजत बसतो.

थेट प्रक्षेपण युरोपातलं असेल तर आपल्याकडं रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतं. जेवण हलकं घ्या. तांबडा-पांढरा ओरपून बसाल तर दुसऱ्या अंकाला घोराल, मी घोरलोय. पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण दोनदा कापलेल्या पैशांचा कमी केलाय, ते परत आले की चार करीन. वर्षाची वर्गणी एकदम भरू नका, महिनाभर बघा. आणि शेजारी पेटी असेल तर झाकण काढूनच बसा.