टाइट की लूज? नॅस्कार गेममधला सेटअप

परवा इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाता खाता आतेभाऊ विचारत होता, दादा, नॅस्कारच्या (अमेरिकेतली, बहुतेक लंबगोल ट्रॅकवर डावीकडे वळत होणारी कार रेसिंग) गेममध्ये गाडी टाइट ठेवू का लूज, म्हटलं लिहूनच टाकतो.

टाइट म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही गाडीचं नाक भिंतीकडेच जातं, लूज म्हणजे मागची बाजू घसरते. वेज (पुढच्या उजव्या आणि मागच्या डाव्या चाकावरचा भार) वाढवला की टाइट, मागचा ट्रॅक बार (मागचा एक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) वर घेतला की लूज, पण एका वेळी एकच बदल करा नाहीतर काय कशाने झालं कळतच नाही.

एका लॅपच्या वेगात लूज भारी, छान वळते. पण टायर? टाइटमध्ये पुढचा उजवा खपतो, लूजमध्ये मागचा उजवा, आणि तो गेला की गाडी गरकन फिरते, माझी 40 लॅपची रेस शेवटच्या दोन लॅपमध्ये अशीच मातीत गेली. टाइटमध्ये नुसता वेळ जातो, गाडी वाचते.

कंट्रोलरवर लूज सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप, स्टिअरिंग व्हीलवर जमतं.

डेटोनाच्या ट्रॅकला 31 अंशांचं बँकिंग (वळणावरचा उतार) आणि ड्राफ्टमध्ये (पुढच्या गाडीच्या मागे चिकटून हवेचा अडथळा टाळताना) गर्दी, तिथे थोडी टाइटच बरी. मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकला वळणांचा उतार जेमतेम 12 अंशांचा, टाइट गाडी वळतच नाही, तिथे जरा लूज.

नवीन असाल किंवा लांब रेस असेल तर टाइट, हात बसलेला असेल आणि क्वालिफाइंग (रेसमधली सुरुवातीची जागा ठरवणारी वेगाची फेरी) असेल तर लूज. आतेभावाला टाइटच, तो ब्रेक वापरतच नाही.