मँडरिनचं ॲप, तीन महिने वापरून

शांघायला आल्या आल्या मँडरिन, म्हणजे चिनी भाषा, शिकायला एक ॲप घेतलं, पैसे भरून. पहिल्याच धड्यात काय, तर 'माझ्या काकांकडे लाल पेन आहे', अरे बाबा मला आधी भाजी घ्यायचीय! 'दुओ शाओ छ्येन' म्हणजे केवढ्याला, हे पार नवव्या धड्यात. टोनचा, म्हणजे आवाजाच्या चढउताराचा, सराव मात्र एक नंबर, 'माय' खाली जाऊन वर आला की विकत घेणं आणि झपकन खाली आपटला की विकणं, मी दुकानात नेमकं उलटं बोललो आणि गल्ल्यावरच्या मावशी हसून हसून बेजार. सगळ्यात जास्त कामाला आलेलं वाक्य, 'थिंग बु दोंग', ऐकू येतंय पण कळत नाहीये, ते ॲपमध्ये नव्हतंच, शेजाऱ्याने शिकवलं. पाचपैकी तीन स्टार, तेही टोनसाठी.